फुकटचा नंबर नेमका कुणाचा?

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा नक्की.

एका वाचकाने विचारलं होतं, "भाऊ, हे १८०० वाले टोल फ्री नंबर कोण कुणाला देतं? आणि लक्षात राहणारे सोपे नंबर नेमके मोठ्या कंपन्यांनाच कसे मिळतात?" प्रश्न दोन ओळींचा आहे. उत्तर मात्र पन्नास वर्षांचं आहे आणि ते अमेरिकेतून सुरू होतं. कारण टोल फ्री नंबरांची टंचाई, साठेबाजी, रेशनिंग आणि शेवटी लिलाव, हे सगळं त्या देशाने आपल्या आधी पाहिलंय. आणि तिथल्या सरकारी कागदांत ते व्यवस्थित नोंदलेलंही आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. टोल फ्री म्हणजे फुकट नाही. फोन करणाऱ्याला फुकट, एवढंच. बिल येतंच, पण ते ज्याला फोन लागला त्याच्या नावावर. लग्नात जेवण पाहुण्याला फुकट असतं, यजमानाला नसतं, तसंच हे.

अमेरिकेत ही पद्धत यायच्या आधी काय होतं? 'कलेक्ट कॉल' होता. म्हणजे ऑपरेटरला सांगायचं की समोरचा पैसे देईल, ऑपरेटर समोरच्याला विचारणार, तो हो म्हणाला तर जोडून देणार. मोठ्या कंपन्यांसाठी 'झेनिथ' नंबर असत. ते नंबर थेट फिरवता येत नसत. ऑपरेटरला "झेनिथ अमुक अमुक" असं सांगायचं, ती यादीत बघून खरा नंबर शोधायची आणि बिल कंपनीच्या खात्यावर टाकायची. प्रत्येक फोनला मधे एक माणूस लागायचा.

१९६७ साली एटी अँड टी कंपनीने ८०० ने सुरू होणारे नंबर आणले आणि हा मधला माणूस काढून टाकला. आपल्याकडे तेव्हा परगावी बोलायचं तर पोस्टात जाऊन ट्रंक कॉल बुक करायचा आणि नंबर लागायची वाट बघत बाकावर बसायचं. १९६० साली लखनौ-कानपूर अशी पहिली एसटीडी सुरू झाली होती, पण गावोगावी ती पोचायला पुढे कित्येक वर्षं गेली.

सुरुवातीचा ८०० नंबर मात्र अडाणी होता. त्या नंबरातले पुढचे आकडे ठरावीक भागाशी बांधलेले होते. राज्याबाहेरून येणाऱ्या फोनसाठी एक नंबर, त्याच राज्यातल्या लोकांसाठी दुसरा. म्हणून जुन्या अमेरिकन जाहिरातींत दोन-दोन नंबर छापलेले दिसतात. नेब्रास्का राज्यातलं ओमाहा हे गाव या काळात फोनवरच्या ऑर्डरी घेण्याचं मोठं केंद्र झालं. जवळच हवाई दलाचं मोठं मुख्यालय असल्याने तिथं टेलिफोनचं जाळं तगडं होतं. शिवाय देशाच्या मध्यावरचं गाव.

खरा बदल झाला १९८० च्या सुमाराला. बेल लॅबमधल्या रॉय वेबर यांना १९८० मध्ये एक पेटंट मिळालं. कल्पना ऐकायला साधी वाटते. ८०० चा नंबर फिरवला की यंत्राने आधी एका मध्यवर्ती माहितीसाठ्यात जाऊन विचारायचं, "हा नंबर आज कुठं वाजवायचा?" तिथून उत्तर येणार आणि फोन तिकडे जाणार. सकाळी एका शहरात, रात्री दुसऱ्या शहरात. सुट्टीच्या दिवशी तिसरीकडे.

इथं जरा थांबा, कारण पुढचं सगळं यातूनच निघतं. तोपर्यंत नंबर म्हणजे तार होती. तारेच्या टोकाला एक घर, एक दुकान. आता नंबर म्हणजे वहीतली नोंद झाली. सात-बारा कसा जमिनीपासून वेगळा कागद असतो, तसा नंबर तारेपासून वेगळा झाला. आणि नोंद म्हटली की तलाठ्याचे सगळे प्रश्न आले. वही कुणाच्या ताब्यात? नाव कोण चढवणार? नुसतं नाव चढवून जमीन पडीक ठेवली तर? नोंद विकता येते का?

त्यात भर पडली अक्षरांची. तुमच्याकडे जुना बटणाचा मोबाइल असेल तर बघा, २ वर एबीसी, ३ वर डीईएफ अशी अक्षरं असतात. त्यामुळे ३५६-९३७७ हा नंबर अक्षरांत 'फ्लॉवर्स' होतो. १९८६ साली न्यूयॉर्कमधले फुलांचे दुकानदार जिम मॅकॅन यांनी कर्जात बुडालेली एक कंपनी विकत घेतली, कारण तिच्याकडे हा नंबर होता. पुढे त्यांनी कंपनीचं नावच '१-८००-फ्लॉवर्स' केलं. दुकान छोटं, नंबर मोठा, आणि धंदा चालला नंबरावर.

दुसरा किस्सा तर आपल्याकडच्या बाजारपेठेत शोभेल असा आहे. ९० च्या दशकात एमसीआय आणि एटी अँड टी या कंपन्या कलेक्ट कॉलच्या धंद्यावरून भांडत होत्या. एटी अँड टीने '१-८००-ऑपरेटर' या नंबराची धडाक्यात जाहिरात केली. पण इंग्रजीत ऑपरेटरचं स्पेलिंग बऱ्याच लोकांना धड येत नाही, शेवटच्या 'ओ'च्या जागी ते 'ई' घालतात. हे एमसीआयने हेरलं आणि चुकीच्या स्पेलिंगचा नंबर आपल्या नावावर करून ठेवला. जाहिरातीचा खर्च एकाचा, गिऱ्हाईक दुसऱ्याकडे! एटी अँड टीला शेवटी नंबर बदलून दुसऱ्याच नंबराची जाहिरात करावी लागली.

हसू येतं, पण यातच पुढच्या भानगडीचं मूळ आहे. नंबराला किंमत आली होती आणि नंबर मर्यादित होते.

किती मर्यादित? हिशेब करून बघू. ८०० नंतर सात आकडे. त्यातला पहिला आकडा ० किंवा १ चालत नाही. म्हणजे पहिल्या जागी आठ पर्याय आणि पुढच्या सहा जागी प्रत्येकी दहा. एकूण ८० लाख. त्यातले काही राखीव जातात. एवढ्या मोठ्या देशाला, तिथल्या सगळ्या धंद्यांना, ८० लाखांपेक्षा कमी नंबर.

१९८४ मध्ये एटी अँड टीची मक्तेदारी मोडली आणि १९८६ पासून दुसऱ्या कंपन्याही ८०० सेवा देऊ लागल्या. पण एक मेख होती. ८०० नंतरचे तीन आकडे बघून फोन कुठल्या कंपनीकडे पाठवायचा ते ठरे. म्हणजे तुम्हाला कंपनी बदलायची तर नंबर सोडावा लागणार. दहा वर्षं जाहिरात केलेला नंबर कोण सोडेल? गिऱ्हाईक कायमचं बांधलेलं. आपल्याकडे २० जानेवारी २०११ ला मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी देशभर लागू झाली तेव्हा आपल्याला जो मोकळेपणा मिळाला, तो तिथल्या टोल फ्रीवाल्यांना १ मे १९९३ ला मिळाला. त्या दिवसापासून सगळे ८०० नंबर एकाच मध्यवर्ती नोंदवहीत आले. ती वही आज सोमॉस नावाची संस्था चालवते. तिच्यात नाव चढवायचा, बदलायचा अधिकार ज्यांना असतो त्यांना तिथं 'रिस्पॉर्ग' म्हणतात, म्हणजे जबाबदार संस्था. ग्राहकाने रिस्पॉर्गकडे जायचं आणि रिस्पॉर्गने वहीत नोंद करायची.

आता वाचकाच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. नंबर मिळतो कसा? नियम साधा, पहिला येईल त्याला पहिला. वहीत प्रत्येक नंबरापुढे त्याची अवस्था लिहिलेली असते. कुणाचाच नसेल तर 'शिल्लक'. रिस्पॉर्गने तुमच्यासाठी धरून ठेवला तर 'राखीव'. राखीव जास्तीत जास्त ४५ दिवस, तेवढ्यात ग्राहकाच्या नावावर झाला नाही तर परत शिल्लक. ग्राहकाने सोडला तर 'बंद' अवस्थेत काही काळ पडून राहतो, जास्तीत जास्त चार महिने, म्हणजे जुन्या माणसाचे फोन नव्या माणसाला लगेच जाऊ नयेत. एका रिस्पॉर्गने एका वेळी किती राखीव ठेवायचे यालाही मर्यादा आहे. २,००० नंबर किंवा तिच्याकडच्या चालू नंबरांच्या साडेसात टक्के, यातलं जे जास्त असेल ते.

हे सगळे नियम सुखासुखी आले नाहीत. १९९५ मध्ये टंचाई आली. पेजर आले होते, घरगुती लोकही पोरं कॉलेजातून फोन करतील म्हणून ८०० नंबर घेत होते. नंबर संपणार अशी बातमी फुटली आणि पुढं काय झालं हे रेशनच्या साखरेचा काळ पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. ज्याला नको होते त्यानेही धरून ठेवायला सुरुवात केली. शेवटी जून १९९५ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने रेशनिंग लावलं. दर आठवड्याला ठरावीकच नंबर मिळतील.

मग १ मार्च १९९६ ला ८८८ ही नवी मालिका उघडली. आता नवीन भांडण. ज्याच्याकडे ८०० चा 'फ्लॉवर्स' आहे, त्याला ८८८ चा 'फ्लॉवर्स' दुसऱ्या कुणी घेतलेला चालेल का? गिऱ्हाईक चुकणारच. म्हणून पावणेचार लाखांच्या आसपास ८८८ नंबर बाजूला काढून ठेवले गेले आणि जुन्या ८०० वाल्यांना आधी विचारायचं ठरलं. म्हणजे ज्याच्याकडे आधीच होतं त्यालाच पुन्हा पहिलं पान वाढलं. पुढच्या मालिकांना मात्र ही सवलत नाही, सरळ पहिला येईल त्याला पहिला, असं १९९८ मध्ये ठरलं. त्याच वर्षी ८७७ आली, २००० मध्ये ८६६, २०१० मध्ये ८५५, २०१३ मध्ये ८४४ आणि २०१७ मध्ये ८३३.

मधे १९९७ मध्ये आयोगाने तीन गोष्टींवर बंदी घातली होती. रिस्पॉर्गने खरा ग्राहक नसताना नंबर धरून ठेवायचे नाहीत. ग्राहकाने गरजेपेक्षा जास्त साठवायचे नाहीत. आणि नंबर विकायचा नाही. कारण सरळ सांगितलं होतं, हा नंबर सार्वजनिक संपत्ती आहे, कुणाची खासगी मालमत्ता नाही. एकाच ग्राहकाकडे अनेक नंबर वळवलेले दिसले तर साठेबाजीचाच संशय धरायचा आणि तसं नाही हे त्याने दाखवून द्यायचं, इथपर्यंत नियम कडक.

कागदावर कडक. २०११ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने शोधून काढलं की फिलाडेल्फियातल्या एकाच कंपनीच्या ताब्यात ८०० च्या एकूण नंबरांपैकी जवळपास पाव हिस्सा होता, आणि त्यातले पुष्कळसे नंबर अश्लील फोनसेवांच्या जाहिरातींसाठी वापरले जात होते. कुणी जुन्या संस्थेचा किंवा कंपनीचा सोडून दिलेला नंबर फिरवावा आणि पलीकडून भलतंच ऐकू यावं. एक पत्रकार म्हणून मला ही बातमी फार महत्त्वाची वाटते. नोंदवही आहे, नियम आहेत, आयोग आहे. तरी पाव हिस्सा एका दारात कसा गेला हे विचारायला बातमीदारच लागला.

आणि आता ज्या प्रकरणामुळे मला ही पोस्ट लिहावीशी वाटली ते.

१९९८ मध्ये अमेरिकेत एका माणसाच्या बायकोने आत्महत्या केली. त्याने तिच्या नावाने संस्था काढली आणि खचलेल्या माणसांसाठी हेल्पलाइन सुरू केली. नंबर अक्षरांत होता, '१-८००-सुसाइड'. ज्याच्या मनात तो विचार आहे त्याला दुसरं काही आठवायची गरजच नाही, तोच शब्द फिरवायचा. पुढे संस्थेची आर्थिक ओढाताण झाली. फोन बंद पडला तर काय, ही भीती उभी राहिली. सरकारच्या आरोग्य खात्यातल्या एका विभागाने दूरसंचार आयोगाकडे मागणी केली की हा नंबर आम्हाला द्या. २००७ मध्ये आयोगाने तो तात्पुरता सरकारकडे वळवला, २००९ मध्ये कायमचा. संस्था कोर्टात गेली. २०१० मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने आयोगाचा निर्णय रद्द करून फेरविचारासाठी परत पाठवला.

दोन्ही बाजू नीट बघा. सरकार म्हणत होतं, नंबर बंद पडला तर माणसं मरतील. संस्था म्हणत होती, हा नंबर आम्ही लोकांच्या मनात रुजवलाय, आणि असा फोन करणाऱ्याची माहिती सरकारच्या हाती जावी का? यात खलनायक कुणीच नाही. पण '१-८००-फ्लॉवर्स' बंद पडला तर एखाद्याचा वाढदिवस चुकतो आणि हा नंबर बंद पडला तर काय होतं, हा फरक नोंदवहीला कळत नाही. तिला दोन्ही नंबर सारखेच.

अमेरिकेने यातून पुढे वाट काढली. अशा मदतीसाठी ९८८ हा तीन आकडी नंबर कायमचा राखून ठेवला. १६ जुलै २०२२ पासून तो देशभर चालू आहे. तीन आकड्यांचा नंबर कुणा ग्राहकाच्या नावावर नसतो, त्यामुळे तो धरून ठेवण्याचा प्रश्नच येत नाही.

पण बाकीच्या नंबरांचं वारं उलट्या दिशेनं वाहायला लागलं. ८३३ मालिका उघडताना १७ हजारांहून जास्त नंबर असे निघाले की ते एकापेक्षा जास्त रिस्पॉर्गनी मागितले होते. २०१८ मध्ये आयोगाने ठरवलं, लिलाव करू. डिसेंबर २०१९ मध्ये तो झाला. बंद पाकिटातली बोली, जास्त बोली लावणारा जिंकणार, पण पैसे भरणार दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढे. आपल्या आरटीओत गाडीच्या चॉइस नंबरला एकापेक्षा जास्त अर्ज आले की जे होतं, जवळपास तेच. शिवाय लिलावात घेतलेला नंबर पुढे विकायलाही मुभा दिली. ज्या विक्रीवर १९९७ मध्ये बंदी होती, तिलाच या नंबरांपुरतं दार उघडलं. एक गोष्ट मात्र चांगली केली. सरकारी आणि ना-नफा संस्थांना लोकांच्या आरोग्यासाठी, सुरक्षेसाठी एखादा नंबर हवा असेल तर तो लिलावाबाहेर, पैसे न घेता बाजूला काढायची सोय ठेवली.

माझं मत विचाराल तर ही शेवटची सोय हाच या सगळ्या इतिहासाचा धडा आहे. फुलांच्या नंबराचा खुशाल लिलाव करा. जिवाशी संबंध असलेला नंबर बाजाराच्या बाहेर हवा, आणि तो आधीच बाहेर काढून ठेवायला हवा. भांडण झाल्यावर कोर्टात नाही.

आपल्याकडे हे शहाणपण फार आधी, आणि तेही मुंबईत, दिसलं होतं. १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेचा एक प्रकल्प म्हणून जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी चाइल्डलाइन सुरू केली. नंबर १०९८. पोरं तो 'दस-नौ-आठ' असा म्हणायची. शाळा न पाहिलेल्या मुलालाही उलटी गिनती लक्षात राहते, आणि खिशात नाणं नसलं तरी पब्लिक फोनवरून लागतो. पुढे तो देशभर गेला. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने तो सरकारी यंत्रणेकडे गेला आणि ११२ शी जोडला गेला. हात बदलले, पण नंबर तोच राहिला. हे महत्त्वाचं.

शेतकऱ्यांचं किसान कॉल सेंटर २१ जानेवारी २००४ ला सुरू झालं तेव्हा नंबर होता १५५१. पुढे तो १८००-१८०-१५५१ झाला. शेवटचे चार आकडे बघा, जुना नंबर नव्याच्या शेपटीला ठेवलाय. ज्याने कुणी हे केलं त्याला शेतकऱ्याची आठवण कशी चालते ते कळत होतं.

पण सगळीकडे असं नाही. आपल्याकडे दूरसंचार विभाग नंबरांच्या मालिका कंपन्यांना गठ्ठ्याने देतो आणि कंपन्या त्या ग्राहकांना देतात. १८००-२२ म्हणजे मुंबईचं एमटीएनएल, १८००-११ म्हणजे दिल्लीचं, असं आकड्यांतच कंपनी आणि शहर दिसायचं. अमेरिकेत १९९३ च्या आधी होतं तसंच. पूर्वी आपले टोल फ्री नंबर १६०० ने सुरू व्हायचे, मग ते १८०० झाले. आता २०२४ पासून १६० ने सुरू होणारी मालिका बँका, वित्तसंस्था आणि सरकारी खात्यांकडून येणाऱ्या अधिकृत फोनसाठी दिलीय, म्हणजे खरा फोन कुठला ते लोकांना ओळखता यावं. उद्देश चांगला आहे. पण प्रत्येक बदलाच्या वेळी भिंतीवरचे जुने आकडे तसेच राहतात. खातं बदलतं, कंत्राटदार बदलतो, योजना गुंडाळली जाते आणि बोर्ड मात्र दिमाखात उभा असतो. असा नंबर फिरवला की नुसती टूं टूं ऐकू आली तर नशीब. नको त्या माणसाने उचलला तर ओटीपी मागितलाच म्हणून समजा.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सरकारी योजनेचा नंबर जाहीर करताना त्यावर तारीख छापा, कुठलं खातं जबाबदार आहे ते छापा. योजना संपली तरी निदान काही वर्षं तो नंबर दुसऱ्या कुणाला देऊ नका, त्यावर "या योजनेचा नवा नंबर अमुक" एवढं तरी वाजू द्या. आणि ग्रामसभेत रस्ता-गटारीबरोबर हाही विषय घ्या. पंचायतीच्या भिंतीवरचे नंबर वर्षातून एकदा सगळ्यांसमोर फिरवून बघायचे. खर्च शून्य.

जाता जाता एक नंबर लिहून ठेवा. मन खचलं असेल, झोप उडाली असेल, घरात कुणी गप्प गप्प झालं असेल, तर १४४१६. 'टेली मानस', १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास, मराठीतही बोलतात, पैसे लागत नाहीत.

तुमच्या गावातल्या भिंतीवरचे नंबर आज-उद्या फिरवून बघा आणि लागतात की नाही ते खाली लिहा. गावाचं नाव टाका. यादी झाली की ती घेऊन मी तहसीलला जातो.